चित्रांच्या दालनात गिटार

चित्र पाहायला आपल्याकडे वेळ ठरलेला नसतो, म्हणून तो मिळतच नाही. गाण्याचे तसे नाही. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. रसिक शाली-स्वेटर घेऊन नाट्यगृहात येतात आणि मैफल संपेपर्यंत जागचे हलत नाहीत. विलंबित ख्याल उलगडायला वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. हीच माणसे संग्रहालयात गेली की भिंतीलगत चालत राहतात, चित्राखालची पाटी वाचतात, अर्धा मिनिट थांबतात आणि पुढे सरकतात. त्यांना चित्र कळत नाही असे मला वाटत नाही. किती वेळ बसायचे हे मैफलीत गाणारा ठरवतो. चित्रापुढे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि तिथे बसायला खुर्ची नसते.

या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या खुर्चीसाठी आहे. कुणीतरी जन्मभर जमवलेली चित्रे एका दालनात मांडायची, त्यांच्यासमोर शंभरेक माणसांना बसवायचे आणि तास-सव्वा तास शास्त्रीय गिटार ऐकवायची. वादनाआधी चित्रे पाहायची, मध्यंतरात पाहायची, आणि वादन चालू असताना नजर भिंतीवर फिरू लागली तर तिला फिरू द्यायचे. परदेशात संग्रहालयांत असे कार्यक्रम शंभराहून अधिक वर्षे होत आहेत. आपल्याकडे चित्र आणि सूर यांची सोयरीक त्याहून कितीतरी जुनी आहे. खान्देशात मात्र संग्रह एका गल्लीत आणि मैफल दुसऱ्या गल्लीत, असेच चालत आले.

आधी वाद्याविषयी. गिटार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन वाद्ये येतात. एक ऑर्केस्ट्रातली, विजेवर वाजणारी. दुसरी मांडीवर आडवी ठेवून पोलादी सळईने वाजवायची. त्या दुसऱ्या गिटारवर ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीत आणले, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने ती घरोघरी पोचली. पुढे विश्वमोहन भट्टांनी तिच्यावर तारा वाढवून मोहनवीणा घडवली, आणि १९९४ साली त्या वाद्याला ग्रॅमी मिळाले. या पुस्तकातली गिटार तिसरी आहे. तिला सहाच तारा. वरच्या स्वरांच्या तीन साध्या नायलॉनच्या, खर्जाच्या तीन नायलॉनच्या धाग्यांवर बारीक धातूची तार गुंडाळलेल्या. वादक डावा पाय एका बुटक्या पाटावर टेकवतो, वाद्य डाव्या मांडीवर घेतो आणि उजव्या हाताच्या नखांनी तारा छेडतो. एकाच वेळी अंगठा खर्ज चालवतो, दोन बोटे मधले स्वर भरतात आणि तिसरे बोट चाल गाते. आवाज लहान, पण तारेवर बोट कुठे पडले यावरून त्याचा रंग पालटतो. घोडीजवळ छेडली तर कोरडा, टोकदार. छिद्रावर छेडली तर गोल, मधाळ.

हिला आजचा आकार दिला स्पेनमधल्या आल्मेरियाच्या आंतोनिओ दे तोर्रेस या सुताराने. वाद्याचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, बाजू आणि पाठ दुय्यम, असे त्याचे ठाम मत होते. ते पटवण्यासाठी १८६२ मध्ये त्याने चक्क कागदाच्या लगद्याच्या पाठीची आणि बाजूंची गिटार बनवली. त्याच्या वाद्यांवर वाढलेला फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) मोठ्या रंगमंचापेक्षा मोजक्या श्रोत्यांच्या खोलीत रमणारा वादक. त्याच्यानंतर आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) आला आणि त्याने गिटारला जगभरच्या मोठ्या सभागृहांत नेऊन बसवले, तेही ध्वनिवर्धकाशिवाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. गिटारवाल्यांत तेव्हापासून दोन वाटा आहेत. एक सेगोव्हियाच्या सभागृहाची, दुसरी तार्रेगाच्या खोलीची. आमचा कल उघडपणे खोलीकडे आहे. दोन हजार माणसांपुढे ही गिटार आपले निम्मे रंग गमावते. शंभर माणसांच्या दालनात, भिंतींवर चित्रे असताना, ती सगळेच्या सगळे दाखवू शकते.

आता चित्र आणि सूर यांच्या नात्याकडे. त्याचे सर्वांत थेट मराठी रूप सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला आहे. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रे पोथी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपतात. एकेक चित्र उचलून प्रेक्षकांसमोर धरायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने त्यातली कथा गायची. जपलेला संग्रह आहे, जिवंत वादन आहे, समोर बसलेली माणसे आहेत, आणि चित्र किती वेळ दिसायचे हे गाण्याच्या हाती आहे. बोस्टन-लंडनच्या संग्रहालयांनी विसाव्या शतकात जे केले त्याचा गाभा इथे आधीपासून होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चार दिवस या कलेची चर्चा झाली. ती तेवढ्यावर थांबायला नको होती.

दुसरा धागा रागमालेचा. सहा राग, तीस रागिण्या, प्रत्येकीचे एक चित्र. तोडी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली एकटी स्त्री आणि तिच्या सुरांनी ओढून आलेली हरणे. दख्खनच्या दरबारांत या चित्रांना बहर आला. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५८० ते १६२७) स्वतः गाणारा, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते. त्याच्या पदरच्या चित्रकारांना सूर परके नव्हते. आणि आपल्या उंबऱ्याशीच असलेल्या अजिंठ्यात, पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकाच्या चित्रात, नर्तकीच्या भोवती बासरी, झांज, मृदंग घेतलेल्या स्त्रिया आहेत. जळगावहून तासा-दीड तासात तिथे पोचता येते. ते वादन दीड हजार वर्षे मूक आहे, आणि तरी त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर ठेका जाणवतो.

पश्चिमेकडे या प्रकाराचे तीन प्रवाह दिसतात. पहिला संग्राहकाच्या घराचा. बोस्टनमध्ये इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या बाईंनी चित्रे ठेवण्यासाठी व्हेनिसच्या वाड्यांसारखे घर बांधले, आणि १ जानेवारी १९०३ च्या रात्री ते पाहुण्यांना पहिल्यांदा दाखवले ते बोस्टन सिम्फनीच्या वादकांच्या मैफलीने. आपल्यामागे मांडणी बदलायची नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. तिथे आजही मैफली होतात.

दुसरा प्रवाह सार्वजनिक संग्रहालयाचा, आणि त्याची कहाणी मला सर्वांत मोलाची वाटते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे बॉम्बच्या भीतीने वेल्सला हलवली गेली. रिकाम्या भिंतींच्या त्या इमारतीत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. सोमवार ते शुक्रवार, साडेसहा वर्षे, एकूण १,६९८ मैफली. बॉम्ब पडत होते तेव्हा वादन तळघरात हलवले, पण थांबवले नाही. पुढे लोकांनीच मागणी केली की निदान एक तरी चित्र परत आणा. १९४२ पासून दर महिन्याला एक चित्र, ती जिथे ठेवली होती त्या वेल्समधल्या खाणीतून काढून, लंडनला आणले जायचे आणि एकटेच भिंतीवर टांगले जायचे. एका चित्रासाठी रांगा लागत. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे, की शंभर चित्रे नसली तरी चालते. एक चित्र नीट मांडले आणि त्याच्यासमोर बसायची सोय केली, तरी कार्यक्रम उभा राहतो.

तिसरा प्रवाह चित्रांवरून रचलेल्या संगीताचा. मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये दिवंगत चित्रकार मित्राच्या प्रदर्शनावर रचलेली पियानोची मालिका सर्वांना ठाऊक आहे. जपानच्या काझुहितो यामाशितांनी ती एकट्या गिटारवर उतरवली. खास गिटारसाठीचे उदाहरण मारिओ कास्तेलनुओव्हो-तेदेस्को यांचे. फॅसिझममुळे इटली सोडून अमेरिकेत गेलेल्या या संगीतकाराने १९६१ मध्ये गोयाच्या ‘काप्रिचोस’ या १७९९ सालच्या ८० छापचित्रांतली २४ निवडली आणि प्रत्येकावर गिटारची एकेक रचना केली. त्यातले एक चित्र असे: मेजावर डोके टेकून झोपलेला माणूस, आणि त्याच्या पाठीमागच्या काळोखातून उठणारी घुबडे, वटवाघळे. कागदावरची ती काळी शाई आणि गिटारचा खर्ज एकाच खोलीत भेटतात, तेव्हा चित्र स्पष्ट करून सांगायला कुणी लागत नाही.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झाले, पण त्यांना एका सूत्रात कुणी ओवले नाही. साताऱ्याजवळच्या औंधात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. संग्रहात रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळे. त्याच गावात १९४० पासून अंतुबुवा जोशींनी सुरू केलेला संगीत महोत्सव दिवाळीच्या आधी भरतो. एकाच गावात डोंगरावर चित्रे आणि पायथ्याशी गाणे, अशी दुर्मीळ जागा आहे ती. पुण्यात दिनकर केळकरांनी दारोदार फिरून जमवलेल्या वस्तूंत जुनी वाद्येही आहेत आणि चित्रकथींची चित्रेही. १९७५ मध्ये तो सारा संग्रह त्यांनी राज्य सरकारला दिला. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये १९५०-६० च्या दशकांत हुसेन, गायतोंडे चित्रे काढत, अल्काझी नाटके बसवत आणि रविशंकर सतार शिकवत, एकाच छपराखाली. कोल्हापुरात ‘रंगबहार’ संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ टाउन हॉलच्या बागेत भरते. गायक गातो आणि चित्रकार त्याच वेळी चित्रे काढतात. कोल्हापूरकर थंडीत सकाळपासून तिथे गर्दी करतात. तिथली गंमत चित्र घडताना पाहण्याची आहे. आम्हाला हवे आहे ते जुने, जपलेले चित्र पुन्हा पाहणे, म्हणून आमची वाट थोडी वेगळी. पण माणसे चित्र आणि सूर यांच्यासाठी एकत्र येतात, हे कोल्हापूरने दाखवून दिले आहे आणि त्याचे ऋण मान्य करायला हवे.

मग खान्देशात काय आहे? पहिले नाव चाळीसगावच्या केकी मूस यांचे. १९१२ मध्ये मुंबईत जन्म, इंग्लंडमध्ये कमर्शियल आर्टचे शिक्षण, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावी परत. १९८९ मध्ये निधन होईपर्यंत, जवळपास पन्नास वर्षे, ते रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर अगदी क्वचित पडले. प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून ते वाट पाहत राहिले, ही कथा खान्देशात शाळकरी पोरालाही पाठ आहे. या कथेने त्यांच्या कामाचे नुकसान केले असे माझे स्पष्ट मत आहे. लोक घरात येतात ते विरही माणसाची खोली पाहायला, आणि टेबलटॉप छायाचित्रांवरून नजर घसरून जाते. वाळू, काटक्या, कापूस असल्या क्षुल्लक वस्तू टेबलावर मांडून, उजेड नेमका टाकून त्यांनी निसर्गाची दृश्ये उभी केली. असे छायाचित्र पहिल्या नजरेत फसवते आणि दुसऱ्या नजरेत उलगडते. त्या दुसऱ्या नजरेसाठी वेळ लागतो. या माणसाने घरात चित्रे, शिल्पे, जुन्या वस्तू जमवल्या आणि त्यांच्याबरोबरच संगीताच्या तबकड्याही जमवल्या. म्हणजे त्या घरात चित्रे आणि संगीत यांचा शेजार कुणी नव्याने लावायचा नाही, तो होताच.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. कागदपत्रांसाठी ते प्रसिद्ध आहे, पण तिथे शिल्पे, नाणी, चित्रेही आहेत, आणि ती पाहायला येणारे फार थोडे. धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ मध्ये राम सुतार जन्मले. पुढे अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम करून ते दिल्लीला गेले आणि देशाचे शिल्पकार झाले. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला मेजर रॉबर्ट गिल भुसावळला चिरनिद्रा घेतो आहे. त्याने काढलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आणि बालगंधर्वांनी लहानपणी जळगावातच मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले. चित्राची परंपरा आहे, सुराची आहे, रसिक आहेत. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा आहे, जळगावला मुख्य मार्ग आहे. गिटारवादक मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसला तर सकाळी इथे उतरतो.

या क्षेत्रात एक जुना वाद आहे आणि त्यात आम्ही बाजू घेतली आहे. चित्र आणि रचना एकमेकांशी जुळलेल्या असाव्यात का? तोडीच्या चित्रासमोर तोडी, पावसाच्या चित्रासमोर मल्हार? काही आयोजकांना ही जुळणी फार आवडते. पण रागमालेच्या काळातला राग आणि आजचा त्याच नावाचा राग एक असतीलच असे नाही, आणि पावसाच्या चित्रासमोर पाऊस वाजवला की श्रोता दोन्हींतले साम्य शोधत बसतो. चित्र बाजूला राहते. मूस यांच्या छायाचित्रांसमोर बाखची एखादी सुईट, सोरच्या अभ्यासरचना किंवा व्हिला-लोबोसचे प्रेल्यूड वाजले, तर ते छायाचित्र समजावून देणार नाहीत. ते माणसाला तिथे बसवून ठेवतील. एवढे पुरे आहे. अपवाद एकच: खास त्या चित्रांसाठी कुणी नवी रचना केली तर. मूस यांच्या टेबलटॉप चित्रांवर गिटारची मालिका कुणी मराठी संगीतकाराने लिहावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता व्यवहार. हा भाग पुस्तकात मोठा आहे आणि तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. जळगावचा मे महिना ४५ अंशांवर जातो, हवा कोरडीठाक होते. त्या हवेत गिटारची पातळ फळी तडकते आणि जुन्या चित्राचा रंगही. दोघांनाही मध्यम ओलावा लागतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात उलटा त्रास, कागदाला बुरशी आणि फळीला फुगवटा. म्हणून आमचा हंगाम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. त्याच दिवसांत पंखा बंद ठेवता येतो, आणि ही गोष्ट बारीक वाटली तरी निर्णायक आहे. रिकाम्या दालनात पंखा लावून शेवटच्या रांगेत बसावे आणि वादकाला पहिली तार अगदी हलकी छेडायला सांगावे. ऐकू आली नाही तर पंखा बंद, आणि पंखा बंद करून माणसे बसू शकत नसतील तर तारीख चुकली. जनरेटर दालनाच्या भिंतीला टेकून ठेवू नये. मोबाइल बंद करायची विनंती वादक येण्याआधी करावी, वादक बसल्यावर नाही.

उजेडाचे गणित वेगळे. कागदावरच्या चित्रांवर आणि छायाचित्रांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड बराच वेळ पडू नये, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. वादकाला मात्र आपला डावा हात स्पष्ट दिसायला हवा. दोन्हींसाठी वेगळे दिवे लागतात, आणि वादकाचा दिवा चित्रांच्या काचेत चमकता कामा नये. खुर्च्या भिंतीपासून निदान मीटरभर अंतरावर. माणूस उठताना पाठ टेकतो ती चौकटीलाच. हार-तुरे, समई, धूप-उदबत्ती दालनाबाहेर. सत्कार करायचाच असेल तर तो आवारात करावा. शाल-श्रीफळात अर्धा तास गेला, तर चित्रांच्या वाट्याचा तो अर्धा तास गेला.

हे सारे आत्ताच का? जिल्ह्यांतले खासगी संग्रह वारसांच्या हाती येत आहेत, आणि चित्रांच्या पेट्या माळ्यावर जात आहेत. चित्र माळ्यावर गेले की दहा पावसाळ्यांत संपते. ज्या संग्रहासमोर वर्षातून दोनदा शंभर माणसे येऊन बसतात, त्याच्याकडे घरच्यांचे लक्ष राहते. कुणीतरी काच पुसतो, कुणीतरी वाळवी पाहतो. दुसरे कारण मुलांचे. पुण्या-मुंबईत ट्रिनिटीच्या परीक्षा देणारी, नोटेशन वाचणारी गिटारची पिढी तयार झाली आहे. तिला वाजवायला जागा हवी आहे, आणि मोठी सभागृहे तिला परवडत नाहीत. ज्याच्याकडे दालन आहे त्याला वादक हवा आहे, हे त्या मुलांपर्यंत पोचलेले नाही.

या पुस्तकात गिटारचा समग्र इतिहास नाही, भारतीय चित्रकलेचाही नाही. त्यासाठी चांगले ग्रंथ आहेत. इथे आहे तो दोन्हींच्या भेटीचा मागोवा, वेगवेगळ्या ठिकाणच्या अनुभवांवरून काढलेली कामाची पद्धत, आणि छोट्या दालनासाठी निवडलेल्या रचनांविषयीचे लेखन. लेखकांची मते सगळीकडे जुळत नाहीत. जुळणीच्या वादात तर दोन लेख थेट एकमेकांविरुद्ध आहेत, आणि ते शेजारी छापले आहेत. संग्रह घरात असलेल्या वाचकाने आधी जतनाविषयीचा भाग वाचावा, वादकाने रचनांचा, आणि संस्था चालवणाऱ्याने खर्चाचा. खर्चाचे आकडे जळगाव-धुळ्याच्या भावाने मांडले आहेत. इतर जिल्ह्यांत मंडप, दिवे आणि गाडीभाडे वेगळे पडेल, तेवढा फरक करून घ्यावा.